वासूचा हक्क, माझे माड

मास्तर टेबलावर पट्टी आपटून कवितेचा ठेका धरायचे. तो टक टक आवाज दर रविवारी माझ्या कानांत जागा होतो, कारण तेव्हा आम्ही जुने वर्गमित्र व्हिडिओ कॉलवर शाळेतल्या कविता म्हणतो.

आज माझी पाळी होती. दुसऱ्या कडव्यालाच कॉल तुटला. शेजारच्या माडावर पाडेली नारळ पाडत होता, त्याने तोडलेली झावळ थेट माझ्या इंटरनेटच्या तारेवर आली. सरकारी धोरणाने फायबर गोव्यातल्या आमच्या धारगळात पंचायतीपर्यंत पोचवली. तिथून माझ्या घरी ती माडामाडाला बांधून येते!

मोबाइलच्या तुटक्या रेंजवर वासूचा मेसेज आला. तो लेकीकडे फिनलंडच्या खेड्यात असतो. "आमच्याकडे इंटरनेट मिळणं कायद्याने हक्क आहे, बाबा. तुझी उरलेली कविता मीच म्हटली. सगळे खूश!"

मेल्याला शाळेत दुसरं कडवं मीच पुटपुटून सांगायचो. खरं सांगतो, जळलो. तिथल्या बर्फावर नाही, त्या हक्कावर. तुमच्या गावात तार घरापर्यंत कशी येते हो?

हे लिहितोय तोच दारात रुक्मीणवहिनी! माड त्यांचा, आणि हद्दीवरून आमचा कधीपासूनचा अबोला.

"भाऊ, आज कविता अर्धीच रवली. मी दर आयताराक कुंपणाकडे बसून ऐकतंय. फुडची म्हणा बघू."