कुठले जाधव?

"तुम्ही नक्की कुठले जाधव?" असं विचारत काकांनी नखाने माझ्या बापाचा फोटो बोर्डावरून सोलून काढला.

डब्लिनमधल्या एका शाळेचं जिम. मराठी मंडळाचा कार्यक्रम, त्यात 'आपली आडनावं' नावाचं प्रदर्शन. एकेका आडनावाची नामवंत माणसं, खरी आणि गोष्टींतलीसुद्धा, मुलांनी बोर्डावर लावायची. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने जाधव लावले होते. घोड्यावरचा सरदार, एक पैलवान, कुठल्याशा मालिकेतला फौजदार. आणि शेवटी तिचे आजोबा. खाकी कपडे, हातात खराटा. महापालिकेचे सफाई कामगार.

"अहो, हे रिमूव्ह करू या," काका म्हणाले. ते प्रदर्शनाचे प्रमुख. "बाकीचे जाधव बघा, केवढे मोठे! लोक कन्फ्यूज होतील."

शेजारीच त्यांच्या आडनावाचा बोर्ड होता. त्यावर त्यांचे आजोबा होते. तालुका कचेरीत कारकून. त्यांच्यामुळे कुणी कन्फ्यूज होत नव्हतं.

मी काय केलं? हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो. नऊ वर्षं हेच करत आलो होतो. इथे कुणाकडेही जेवायला जा, आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग कुलदैवत. "म्हणजे सरदार घराण्यातले का?" असं कुणी म्हटलं की मी नुसती मान हलवायचो. तेवढ्यावर भागायचं. दुसऱ्याचा सरदार मी घरात घेतला होता. आणि ज्याने गटारं उपसून मला इंजिनिअर केलं, तो दाराबाहेर.

मुलीने काकांच्या हातातून फोटो घेतला. "बाबा, इज ही नॉट अ जाधव?"

कानाखाली बसावी तसं झालं. काकांनी बापाला आज काढलं. मी तर नऊ वर्षांपूर्वीच काढून टाकलं होतं. थू माझ्यावर.

मी सरदाराला खाली उतरवलं. त्याच्या जागी, मधोमध, बापाला लावलं.

"काका," मी मोठ्याने म्हणालो, "आम्ही वस्तीतले जाधव. पूर्वीचे महार, आता बौद्ध. अजून काय विचारायचंय?"

काका घाईघाईने स्टेजकडे गेले. त्यानंतर आम्हाला जेवणाची बोलावणी आली नाहीत. न येवोत. यापुढे जो विचारेल त्याला पूर्ण उत्तर मिळेल, मुलीच्या देखत. पचलं नाही तर ते त्याचं त्याने बघावं.