सुरतेचा समुद्र, मोटारबोट आणि माझी रजई

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील, अनंताचं पत्र आलं. अनंता माझा एकुलता एक मुलगा, सुरतेला कापडगिरणीत कारकून. लिहिलं होतं, "नाना, आमच्या शेठजींनी मोटारबोट घेतली आहे. रविवारी ती मोकळी असते. तुम्हांला मासे धरायचा शौक, एकदा समुद्रात गळ टाकून बघा. या."

बुरहानपूरला तापीच्या राजघाटावर तीस वर्षं मी गळ टाकत आलो. शाळेतली पोरं मागून हसत, तरी टाकत आलो. पण समुद्र पाहिला नव्हता. शिवाय खरं सांगायचं तर मासे हे निमित्त होतं. हिला जाऊन तीन वर्षं झाली, मास्तरकीही संपली. राजपुऱ्यातल्या दोन खोल्यांत मी एकटा. अनंताने एकदा म्हणावं, "नाना, आता इथेच राहा," एवढ्यासाठी मी निघालो. प्रवासवर्णनात असलं लिहीत नाहीत, ठाऊक आहे. पण हे लपवलं तर पुढचं काही खरं वाटणार नाही.

म्हणून सामान जरा जास्तच घेतलं. मोठी पेटी, दोन कोट, दोन महिन्यांचं औषध आणि नवा कापूस भरलेली रजई. शेजारचा भिका शिंपी टांग्यात पेटी चढवायला आला.

"मास्तर, मासे धरायला जाऊन राहिले का वऱ्हाडात?"

"समुद्रावर थंडी असते," मी म्हटलं.

"मंग वापस कधी?"

"बघू," म्हणालो आणि किल्ली त्याच्या हाती दिली. तुळशीला पाणी घालायलाही सांगितलं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. स्टेशन लालबागला, गावापासून दूर. टांगेवाल्याशी आधीच ठरवून घ्या, नाहीतर उतरताना तो वाद घालतो. भुसावळला गाडी बदलायची. तिथून सुरतेची गाडी बैलगाडीच्या चालीने जाते, प्रत्येक स्टेशनावर विसावते. दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर असू द्या. नंदुरबारला चहा बरा मिळाला. डब्यात समोर एक म्हातारं जोडपं होतं. ती त्याला पुन्हा पुन्हा मफलर नीट करायला सांगत होती आणि तो चिडत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अनंताला आवडतो म्हणून दराबा, आमच्याकडची मिठाई, घेतला होता, त्याचा डबा शेवटपर्यंत मांडीवरच ठेवला.

सुरतेला अनंता घ्यायला आला होता. वाकून नमस्कार केला आणि पेटीकडे बघून म्हणाला, "नाना, एवढं सामान?"

"सवय," मी म्हटलं.

घरी गेल्यावर कळलं की सुनेचे आईवडील वर्षभरापासून तिथेच राहतात. पत्रात हे कधी आलं नव्हतं. माणसं चांगली, सून तर फारच चांगली, पण खोल्या दोनच. माझं अंथरूण ओसरीवर घातलं. रजई तिथे उपयोगी पडली.

रविवारी भल्या सकाळी आम्ही नदीवरच्या धक्क्यावर गेलो. बोट इथूनच सुटते आणि आमच्याच तापीतून खाली समुद्रात जाते. ओहोटी लागली की निघायचं आणि भरतीबरोबर परतायचं, हा इथला नियम. बोट चालवणारा रामजी टंडेल इंजिनात तेल घालत होता, म्हणून मी खालच्या पायरीवर जोडे काढून, दोन पायऱ्या वर बसून तांब्याने तोंड धुतलं. राजघाटावर मी रोज असंच करतो. तिथे पावसाळा सोडला तर नदी आपली पायरी सोडत नाही. इथे मात्र भरतीचं शेवटचं पाणी चढत होतं. मान वर केली तर जोडे नदीत, आणि नदी चक्क उलटी वाहत होती!

टंडेल पोट धरून हसला. "मास्टरसाब, आपका जोडा तो बुरहानपूर चला!"

मीही हसलो. अनंताने स्वतःच्या पायातले जोडे काढून माझ्यापुढे ठेवले आणि अनवाणी बोटीत चढला. नको म्हटलं तरी ऐकेना.

नवख्यांनी एवढं लक्षात ठेवावं. बोटीच्या मध्यभागी बसा. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. इंजिनाच्या तेलाचा वास डोक्यात चढतो, तेव्हा खाली न बघता लांब किनाऱ्याकडे बघा. काठी लागत नाही. हातात नुसती दोरी, टोकाला शिशाचं वजन आणि गळ. बोटाला फडकं गुंडाळा, नाहीतर दोरी कातडं सोलते. मी घरून हिंग घातलेल्या कणकेचे गोळे नेले होते. तापीतले मासे त्यावर जीव टाकतात. समुद्रात तो गोळा बघता बघता विरघळला. टंडेलने कोलंबी पुढे केली.

गळ बांधायची गाठ मात्र मी माझीच घातली. दोरीचे पाच वेढे घालून टोक मागून काढायचं. ही गाठ ओढून सुटत नाही, कापावीच लागते. टंडेलने ती निरखून पाहिली.

"अच्छी है. किसने सिखाया?"

"मला यांनी शिकवली," अनंता मध्येच म्हणाला. "राजघाटावर. मी सहा वर्षांचा असेन." आणि त्याने स्वतःच्या दोरीला तीच गाठ घालून दाखवली. मला इतकं बरं वाटलं की तोंड फिरवावं लागलं.

इंजिन चालू असताना बोलता येत नाही, ओरडावं लागतं. खोल पाण्यात आल्यावर टंडेलने ते बंद केलं आणि एकदम शांत झालं. चहूकडे नुसतं पाणी. राजघाटावर समोरचा काठ दिसतो, इथे तोही नव्हता. आता विचारावं, असं मी ठरवलं.

"अनंता, मी म्हणत होतो..."

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. "छोडो, छोडो, थोडा जाने दो, अब खींचो!" टंडेल ओरडला. दोरी ओढून घेतली तर हातभर शिंगाळा. "काटा है, हाथ मत लगाना!" पण शिंगाळा मी जन्मभर धरला आहे. काट्यांमागे बोटं घालून उचलला, तसा टंडेल वाहवा म्हणाला. अनंता लहानपणासारखा खदखदून हसला. त्याच हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "नाना, मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलंय. सुट्ट्यांची गर्दी आहे, म्हणून आधीच काढलं. तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही. ऊन फार आहे म्हणत होतो."

परतताना भरती लागली होती आणि पाणी आमच्याबरोबर आत, माझ्या घराच्या दिशेने चाललं होतं. मी दोरी गुंडाळत बसलो. इंजिन चालू होतं, त्यामुळे बोलावं लागलं नाही.

मंगळवारी निघताना एक लबाडी केली. रजई गुंडाळून ओसरीवरच्या खाटेखाली सरकवून ठेवली. वाटलं, अनंता लिहील, रजई इथेच आहे, थंडीत या.

बुरहानपूरला भिका किल्ली देताना म्हणाला, "इतक्या लवकर? पोरानं राहू दिलं नाही का?" थट्टाच होती ती. मी म्हटलं, "समुद्राची हवा मानवली नाही." तुळस हिरवीगार होती.

तेव्हा ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर जा. मासे मिळतात, माणसं प्रेमळ आहेत. फक्त परतीचं तिकीट आधी स्वतः काढा.

दहा दिवसांनी अनंताचं कार्ड आलं. "नाना, तुमची रजई इथे राहिली. तिकडे थंडी पडली असेल, तुमचे हाल नकोत, म्हणून लगेच पार्सलने पाठवतो आहे." अनंताचे जोडे घालून मी पार्सल सोडवायला लालबाग स्टेशनवर गेलो. ते मला बोटभर मोठे होतात. पार्सल गोणपाटात नीट शिवलेलं होतं आणि वरून आडवी-उभी दोरी. दोरीला पाच वेढ्यांची गाठ होती, मी शिकवली तशीच, अगदी घट्ट.

ती अजून कापलेली नाही. पार्सल खाटेशेजारी आहे आणि मी घोंगडी पांघरून झोपतो.