दोन बोटं जास्तीचं कापड

आमच्या इमारतीत दोन मास्तर. मी शाळेतला, म्हणून छडीवाले मास्तर. समोरच्या दारातले तुरुंगाच्या शिवणखात्यात कैद्यांना शिवण शिकवायचे, म्हणून कात्रीवाले मास्तर. मी उभ्या जन्मात छडी धरली नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, आज किती जणांना फोडून काढलंत?" मी म्हणायचो, "आणि तुम्ही किती जणांचे खिसे कापलेत?"

माणूस कामाला चोख. त्यांची एक सवय साऱ्या इमारतीला माहीत होती. काहीही शिवलं तरी शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायचे. "माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही," म्हणायचे. माझा एक करडा कोट त्यांनी तीनदा उसवून सैल करून दिलाय.

त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणत. त्या भावाकडेच राहायच्या. काजं, बटणं, तुरपाई त्यांच्याकडे, आणि हातही भावाच्याच वळणाचा. अक्कांचा एकुलता एक मुलगा तीन वर्षं माझ्या वर्गात होता. अक्षर गिचमिड, पण हसरा. पुढे पेट्रोल पंपावर लागला. चोविसाव्या वर्षी, पंप लुटायला आलेल्या एकानं त्याला भोसकलं. त्या माणसाला जन्मठेप झाली आणि चौदा वर्षांनी तो सुटला. अक्कांना तो भाजीबाजारात दिसला. "वांगी निवडत होता मेला," त्या मला म्हणाल्या. "एकेक देठ बघून. अंगानं चांगला सुटलाय."

मास्तरांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले असताना तुरुंगात एका फाशीची तारीख ठरली. त्यांच्या नोकरीतली पहिलीच. त्या माणसासाठी नवे कपडे आणि तोंडावर चढवायची काळी खोळ शिवायची होती. शिवणखात्यातले कैदी त्या कापडाला हात लावेनात. ज्यांच्या अंगावर खून होते, तेही मशीनवरून उठून भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणून साहेबांनी ते काम मास्तरांना घरी न्यायला सांगितलं.

आधी मास्तर कोठडीत जाऊन माप घेऊन आले. तो माणूस म्हणाला होता, "मास्तर, छातीत जरा सैल ठेवा. थंडीत माझं अंग भरतं." थंडीला अजून तीन महिने होते, फाशीला नऊ दिवस. मास्तर "ठेवतो" म्हणाले, आणि त्यांनी ठेवलं.

कपडे झाले. खोळ मात्र तशीच राहिली. रविवारी दुपारी मी चहाला गेलो, तेव्हा काळं कापड मशीनवर पडलेलं होतं.

"ही मी शिवणार नाही. उद्या लेखी देतो," मास्तर म्हणाले.

"का? तुझा कोण लागतो तो?" अक्कांनी विचारलं.

"कोणी नाही."

"दोन म्हातारी माणसं मारलीत त्यानं. वाचलंस ना?"

"वाचलंय. अक्का, माप घेताना त्याची छाती टेपखाली धडधडत होती गं."

"माझ्या लेकाची नव्हती धडधडत?"

अक्का माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले."

मला वाटतं ते असं: सरकारनं तारीख लावून, माप घेऊन माणूस मारू नये. कुणीच मारू नये, पण सरकारनं तर नाहीच. हे मी वर्तमानपत्रात पत्र लिहून छापून आणलंय. पण ज्या मुलाची हजेरी मी तीन वर्षं घेतली, त्याच्या आईसमोर ते वाक्य तोंडातून निघेना.

"चहा गार होतोय," मी म्हणालो.

"बघा! शिकलेल्यांचं हे असं!" अक्का उठल्या. "आणि तू लेखी दे, म्हणजे एकतीस वर्षांच्या नोकरीवर शेवटी डाग. सरक बाजूला. मी शिवते. निदान एका आईला झोप तरी लागेल."

त्या मशीनवर बसल्या. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मशीन सरळ, न थांबता चाललं. मग अक्कांनी सुईदोरा घेतला, कडा हातानं टिपल्या, दोरा दातानं तोडला आणि खोळ टेबलावर ठेवली.

मास्तरांनी ती उचलली. कुणीही शिवलेलं ते उलटं करून बघतच. आत, शिवणीला लागून, दोन बोटं जास्तीचं कापड नीट दुमडून टिपलेलं होतं.

त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनीही ते तेव्हाच पाहिलं असावं. चेहरा एकदम उतरला.

"कापून टाकू?" मास्तरांनी हळू विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हाताला सवय आहे."

फाशी ठरल्या दिवशी झाली. मास्तर घरी आले तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. "घट्ट नाही ना झाली?" एवढंच त्यांनी विचारलं.

"नाही."

अक्कांचं मत बदललेलं नाही. फाशी व्हायलाच हवी होती, असं त्या आजही म्हणतात. म्हणतात, मग सुई तशीच हातात राहते, आणि मला विचारतात, "गुरुजी, त्याची आई आहे का हो कुठे?"

मला माहीत नाही. मास्तरांना माहीत आहे. ते खाली मान घालून कापड कापत राहतात.