सासऱ्यांचं दुकान, माझी नोंदणी

माझे सासरे स्वतःच्या औषधाच्या दुकानात कधी बसले नाहीत. दुकान भिलाईच्या वैशाली नगरात, आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर त्यांनी ते मोठ्या हौसेनं काढलं, समोर उभं राहून रंग मारून घेतला, आणि पहिल्याच दिवशी प्लास्टिकचा स्टूल उचलून बाहेर पायरीशी जाऊन बसले. कारण मी. आमच्यात सून सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसत नाही. आणि कायदा सांगतो की दुकान उघडं असेपर्यंत नोंदणी असलेला फार्मासिस्ट तिथं हजर पाहिजे. ती नोंदणी माझी होती. दिवसभर उभं राहणं मला शक्य नव्हतं आणि त्यांच्यासमोर बसणं शोभणारं नव्हतं. त्यांनी मला एका शब्दानं न विचारता तोडगा काढला. बाहेर बसायचं, तेही दुकानाकडं पाठ करून. म्हणजे त्यांना मी दिसत नाही आणि मी खुशाल बसते.

माझं लग्नही या नोंदणीमुळंच जमलं. मला बघायला आले तेव्हा सासूबाई माझ्या सावळ्या रंगावर काही बोलणार, तोच सासरे म्हणाले, “पोरीचं रजिस्ट्रेशन झालं हाय ना?” मग सर्टिफिकेट मागून घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं, मागच्या कोऱ्या बाजूसकट. मला असा राग आला होता! मुलगी बघायला आलात की कागद? पण खरं सांगायचं तर त्या कागदाची मलाही तेवढीच किंमत होती. गोंदियाकडच्या आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच मुलगी. तिकडची शेती भावांच्या नावावर, इथलं घर सासऱ्यांच्या नावावर, गाडी नवऱ्याच्या नावावर. माझ्या नावावर जगात एवढी एकच गोष्ट होती.

सासऱ्यांना कायदा मान्य होता, पण त्यांच्या पद्धतीनं. सून मागं स्वयंपाकघरात आहे म्हणजे हजरच आहे, असा त्यांचा हिशेब. मी जेवायला आत गेले की स्टूलावरून उठायचे आणि गिऱ्हाईक करायचे. नुसती खोकल्याची गोळी नव्हे, पाकिटावर लाल रेघ असलेली, डॉक्टरच्या पर्चीशिवाय द्यायचीच नाही अशी औषधंही. मी तोंड पुसत बाहेर यावं, तर माणूस पुडी घेऊन कोपऱ्यावर पोचलेला असायचा.

“मामाजी, पर्चीबिगर ते देत जाऊ नका,” मी म्हणायची. आमच्याकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

“अवं, ओळखीचा माणूस हाय. मरोद्याले प्लांटच्या क्वार्टरमधी आमच्या बाजूलेच होता. त्याले कावून नाही म्हणू?”

“ओळख तुमची हाय मामाजी. पण जबाबदारी माही हाय.”

यावर ते पाठ फिरवून स्टूलावर बसायचे. माणूस अजिबात वाईट नव्हता, म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. अर्धं वैशाली नगर त्यांना “कका”, म्हणजे छत्तीसगढीत काका, म्हणून हाक मारायचं आणि कुणाचं पोर तापलं म्हटलं की त्यांच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

मग एका दुपारी ड्रग इन्स्पेक्टर आले. सासरे पावर हाउसच्या बाजारात भाजी आणायला गेले होते, मी एकटी. इन्स्पेक्टरांनी कपाटं पाहिली, फ्रिज उघडून पाहिला, बिलं चाळली. सगळं जागच्या जागी होतं आणि मी मनातून चांगलीच फुशारले होते. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, “मालिक का नाम?”

सासऱ्यांचं नाव मी जन्मात उच्चारलं नव्हतं. आमच्यात सून ते घेत नाही. देवाचं नाव तेच असलं तर देवालाही दुसऱ्या नावानं हाक मारते. मी भिंतीवरच्या लायसनकडं बोट दाखवलं.

“मैडम, पढ़ना मुझे भी आता है। आप बताइए।”

मी पुन्हा लायसनकडंच बोट केलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती. सर्टिफिकेट एकीकडं टांगलेलं आणि बाई दुसरीकडंच नांदत असलेली, अशी दुकानं त्यांनी आयुष्यभर पाहिलेली. त्यांना वाटलं, मालकाचंसुद्धा नाव ठाऊक नसलेली ही बाई आजच्या दिवसापुरती आणून उभी केली आहे. आवाज चढला. किती दिवसांपासून काम करता, घर कुठं, पगार कोण देतं? मला रडू यायला लागलं. “मेरे ससुर हैं” एवढं म्हटलं, तर म्हणाले, मग नाव सांगायला काय झालं? आता वाटतं, सांगून टाकायचं होतं. पण जीभ उचलतच नव्हती.

तेवढ्यात सासरे भाजीची थैली घेऊन आले. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला आणि रीत समजावून सांगितली. इन्स्पेक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. “दादा, हँस रहा हूँ, पर एक बात समझ लो। बहू रसोई में है तो दुकान में नहीं है। इनके पीछे एक भी गोली गई, तो आपका लायसेंस तो जाएगा ही, इनका रजिस्ट्रेशन भी जा सकता है।”

ते गेल्यावर सासरे बाहेर स्टूलावर जाऊन बसले. मग पाठमोरेच म्हणाले, “तुह्या नावालेबी डाग लागते, हे मले मालूम नव्हतं.” आणि जरा थांबून, “दुकानात माहं नाव घेत जा तू. दुकानात मी तुहा सासरा नाही.”

नाव घेणं मला आजतागायत जमलेलं नाही. पण त्या दिवसानंतर मी जेवायला उठले की शटर अर्धं खाली यायचं. कुणी कितीही गयावया केली तरी कका म्हणायचे, “बहू खाना खा रही है, बैठो।” मी घाईघाईनं दोन घास गिळून यायची. पण अर्ध्या तासासाठी शटर ओढणं वेगळं, आणि पुढं आलं ते वेगळं.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात चर्चेला जागाच नव्हती. म्हणजे मी काही महिने गोंदियाला, आणि दुकान? तेवढ्या दिवसांसाठी सबंध दिवस बसेल असा फार्मासिस्ट आम्ही खूप शोधला. जो मिळाला तो फक्त सर्टिफिकेट द्यायला तयार होता, बसायला नाही. पावर हाउसला सासऱ्यांचे एक मित्र होते, वयानं बरेच लहान, त्यांचंही औषधांचंच दुकान. मूळचे दुर्गचे मराठी, पण बोलणं निम्मं हिंदी. त्यांनी माझ्यासमोरच सल्ला दिला.

“काकाजी, टेन्शन कशाला घेता? बहूचं सर्टिफिकेट दीवारवर टांगलेलं आहे ना, राहू द्या. बहू कुठंबी असू दे, कागज तर हाजिर आहे. इन्स्पेक्टर काय रोज येतो?”

सासरे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्या गप्प राहण्याचीच मला भीती वाटली. मनात आलं, सर्टिफिकेट काढून बॅगेत घालावं आणि न्यावं. पण ते त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं झालं असतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो शिफ्टवरून आलेला, डोळ्यांत झोप. म्हणाला, “बाबाले मी काय सांगू? तूच सांग.” मी सांगितलं नाही. सर्टिफिकेट तसंच भिंतीवर ठेवून मी गाडीत बसले.

माहेरी मला मुलगी झाली, गोरीगोमटी, भरपूर जावळाची. सगळे आनंदात. मी पण होतेच. पण फोन लावला की पहिला प्रश्न तोच, दुकान कसं चाललंय? सासरे म्हणायचे, “चालू हाय.” बस. चालू आहे म्हणजे नेमकं काय? पोर मांडीवर चुटूचुटू दूध पीत असायची आणि मी मनातल्या मनात लाल रेघांच्या गोळ्या वाटत असायची, कुणाकुणाला, कशाकशावर. उद्या एखाद्याला काही झालं तर नाव माझंच निघेल. आई म्हणायची, “पोरीकडं बघ जरा, तिकडच्यासाठी तिकडचे लोक हायेत.” तिला कसं समजावणार, की तिकडच्या लोकांचीच तर काळजी होती.

बारसं भिलाईला ठरलं. मी पोहोचले ती थेट पाहुण्यांच्या गर्दीतच. दुकानात डोकवायलाही सवड मिळाली नाही. सासऱ्यांना एकटं गाठून विचारायचा धीरही होत नव्हता. पाळण्यात घालून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि ते पावर हाउसचे मित्र बाळाच्या हातात पाकीट देऊन माझ्यासमोर सतरंजीवर बसले.

“बहूरानी, तुमच्या ससुरजींनी तर माझी इज्जतच काढली.”

मी पोरीला मांडीवर ओढून घेतलं.

“अर्धं शटर खाली ओढून बसायचे. साबण घ्या, पावडर घ्या, बच्चे का डायपर घ्या. गोली मागितली की हात जोडायचे, दुसरीकडे जा म्हणायचे. अरे, लोकांनी येणं सोडलं. आणि एक दिवस बघतो तर काय, माझ्याच दुकानाच्या लाइनमधे काकाजी उभे! हातात स्वतःची बीपीची पर्ची. मी म्हटलं, काकाजी, मजाक करता का? तुमच्याकडं तर या गोळ्यांचा पूरा डबा असेल. तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला काय म्हणाले सांगू? म्हणाले, है न, पर हमारी फार्मासिस्ट छुट्टी पे है।”

सगळे हसले. सासरे दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते, चोरी पकडली गेल्यासारखे. मी त्यांच्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मी त्यांची सून होते, बहू होते, पोरगी होते. फार्मासिस्ट त्यांनी मला माझ्यासमोर एकदाही म्हटलं नव्हतं.

“मामाजी,” मी कशीबशी म्हणाले, “गोळ्या तं आपल्याच कपाटात होत्या.”

“होत्या ना,” ते म्हणाले. “पण देणार कोण? तू तं इथं नव्हती.”

मला उठून त्यांच्या पाया पडायचं होतं. पण मांडीवर पोर झोपली होती आणि खोली माणसांनी भरली होती, म्हणून मी बसल्या जागीच रडले, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या की बाळंतिणीला असं होतंच.