जऊळक्याची रडकी पेटी

भजनी मंडळात गाणारे चार असतात आणि सांगणारे चाळीस. अभंग वर्षानुवर्षं तेच राहतात, पण दोन अभंगांच्या मधे सुपारी कातरता कातरता जे किस्से निघतात, त्यांना काही अंत नाही. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला त्याच्या पुढचा आठवतो. आमच्या जऊळक्याच्या मंडळाचे निम्मे किस्से एकाच वस्तूभोवती फिरतात, आणि ती वस्तू म्हणजे पेटी. गावात आगगाडीचं स्टेशन होतं, पण धड वाजणारी पेटी नव्हती, त्या काळातले हे किस्से. मी टाळकरी. टाळकऱ्याचे हात कामात असले तरी डोळे मोकळे असतात, त्यामुळे सगळं पाहिलेलं आहे.

*

पहिला मान जुन्या पेटीचा. ती कोणी आणली, कधी आणली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिची एक काळी पट्टी एकदा खाली गेली ती वर आलीच नाही. भाता हलवला की बोट लावायच्या आधीच ती पट्टी ‘भोंऽऽ’ करून सुरू व्हायची आणि भात्यातली हवा संपेपर्यंत थांबायची नाही.

वाजवायला बसायचा सखाराम माळी. गावाबाहेर त्याचा वांगी-मेथीचा मळा होता. माणूस गरीब स्वभावाचा, पण बोटांत सूर होता. त्याने ती पट्टी एकदा सुताराला दाखवली. सुताराने चारही बाजूंनी पाहून सांगितलं, “हे एक उचलली तं बाकीच्या बसतीन. राहू द्या.” मग राहू दिली.

मंडळाचे प्रमुख गणपत पाटील. त्यांची जमीन मोठी, आवाज त्याहून मोठा. बैलांची पारख अशी, की बाजारात लोक त्यांना विचारल्याशिवाय दावं हातात घेत नसत. सुराशी मात्र त्यांचा संबंध टाळ्या वाजवण्यापुरताच. एकदा त्यांच्याकडे पाहुणा आला होता. भजन ऐकता ऐकता त्याने हळूच विचारलं, “पाटील, हे मधात कोन रडून राह्यलं?”

पाटील म्हणाले, “पेटी हाये. आमी काय गातो ते तिले समजते.”

*

आमच्या आणि मेडशीच्या मधल्या माळावर महादेवाचं एक देऊळ आहे. शिवरात्रीला तिथे जत्रा भरायची. दोन्ही गावांची मंडळं समोरासमोर बसून गायची आणि पंच ज्यांचं भजन सरस ठरवतील त्यांना मानाचा नारळ मिळायचा. नारळ तो काय, कुठल्याही दुकानात मिळतो. पण हा नारळ वर्षभर मंडळाच्या देवापुढे राहायचा, आणि ज्या गावात तो असेल त्या गावच्या माणसाची मान बाजारात जरा ताठ असायची. आमच्या गावात तो कधीच आला नव्हता.

त्या वर्षी आम्ही बरे गायलो होतो. शेवटचा अभंग संपला, मृदंग थांबला, टाळ थांबले. भात्यात थोडी हवा उरली होती, ती पेटी एकटीच काढत बसली. भोंऽऽ. सगळी जत्रा गप्प, आणि ही चालूच.

मेडशीचे किसनबुवा मोठे गवई, जीभही तशीच धारदार. ते समोरून म्हणाले, “जऊळकेकर थांबले. आता पेटीले बी थांबवा कोनी. नाईतर पुढच्या वर्साले तिले घरीच ठेवा, अन् तिच्यासंगं वाजवनाऱ्याले बी.”

माळभर हशा झाला. सखारामने खांद्यावरचं उपरणं काढून पेटीवर झाकलं. परत येताना बैलगाडीत तो एवढंच बोलला, “पाटील, या पेटीवर मी आता बसत नाई. दुसरी आना, नाईतर दुसरा पाहा.”

सखारामने कोणाला कधी वाकडा शब्द बोललेला आम्ही ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. दुसरी पेटी मिळाली असती, दुसरा सखाराम आम्ही आणणार कुठून?

*

कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही घरोघर फिरून ओंजळ ओंजळ कापूस गोळा केला. तो विकून जे हाती आलं, त्यात कोरी पेटी येणं शक्य नव्हतं. वापरलेली, पण आपल्या रडकीपेक्षा बरी, एवढीच आमची मागणी. पेटी पारखायचं काम पाटलांनी स्वतःकडे घेतलं. “बैल काय अन् पेटी काय,” ते म्हणाले, “वापरलेला माल तोंड उघडून पाह्यचा.”

पहिली पेटी पाहिली ती कारंज्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरी. आरशासारखी चकचकीत. आम्ही पाहताक्षणी पाघळलो. पाटलांनी झाकण उघडलं, बैलाच्या हिरड्या चाचपाव्यात तसा सगळ्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, पोटावर थाप मारली आणि मान हलवली.

“जुवानं मानीवर पडते तो घट्टाच नाई,” ते म्हणाले. “पट्टीवर बोटाची एक खून नाई. इतकी वर्सं घरात हाये अन् जुवाखाली कधी गेलीच नाई? अशा बैलात खोड असते.”

सखारामने वाजवून पाहिलं. खरोखरच वरचे निम्मे सूर मुके होते.

व्यापारी चिडला. “पाटील, हा बैल नाही, पेटी आहे पेटी!”

“मले मालूम हाये,” पाटील शांतपणे म्हणाले. “म्हनून तं शेपूट उचलून पाह्यली नाई.”

*

दुसरी पेटी वाशीमला. एक नाटक कंपनी तिथे येऊन मोडली होती आणि सामान विकून गावी जायच्या बेतात होती. आम्ही गाडीने गेलो. कंपनीच्या वाजवणाऱ्याने आमच्यासमोर पेटी अशी वाजवली, की मृदंगवाला महादू मांडीवर ठेका धरून डुलायला लागला. पाटलांनी ताबडतोब सौद्याला हात घातला.

आता आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातावर शेला टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. पाटलांनी त्याच सवयीने कंपनीच्या मॅनेजरच्या हातावर शेला टाकला आणि त्यांची बोटं धरली. मॅनेजर पुण्याकडचे. ते दचकून मागे सरले.

“अहो, हे काय करताय?”

“भाव करून राह्यलो.”

“मग तोंडाने करा ना!”

“तोंडानं तं भांडन करतात,” पाटील म्हणाले.

मॅनेजर काही बोटं देईनात. तेवढ्यात पाटलांना बाजारातलाच दुसरा नियम आठवला. ते वाजवणाऱ्याला म्हणाले, “तुमी उतरा. आमचा गडी हाकून पाहीन.” सखाराम बसला. दोन ओळींत पेटीला धाप लागली. भात्याला इतकी भोकं होती, की तो हवा घेई एकीकडून आणि सोडी दहा ठिकाणांहून. कंपनीचा माणूस आपल्या हुनराने ते सगळं झाकून नेत होता.

“बैल बेकार हाये, हाकनारा चांगला होता,” पाटलांनी निकाल दिला. मग जरा विचार करून मॅनेजरना विचारलं, “पेटी राहू द्या. हा हाकनारा देता काय?”

मॅनेजर म्हणाले, “न्या. पण जेवतो फार.”

*

तिसरी पेटी कामरगावची, एका म्हाताऱ्या गुरुजींची. बैलगाडीचा लांबचा प्रवास करून आम्ही पोचलो. पेटी दिसायला साधी, कोपऱ्यांचा रंग गेलेला. पण पाटलांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. पट्ट्यांवर बोटांनी खळगे पडले होते.

“घट्टे हायेत,” ते पुटपुटले.

मग दमाची परीक्षा. सखारामने भाता पुरता भरला, एकही पट्टी न दाबता हात बाजूला घेतला. पाटील आम्हाला म्हणाले, “आपन बी दम धरा. पाहू कोन आधी सोडते ते.” सगळ्या मंडळाने गाल फुगवले. आधी महादूला ठसका लागला, मग माझा दम सुटला, शेवटी डोळे लाल करून पाटीलही हरले. भाता अजून तट्ट फुगलेला.

गुरुजी कॉटवर बसून हे पाहत होते. वाताने त्यांच्या हाताची बोटं वाकडी झाली होती. “माझी बोटं गेली,” ते म्हणाले, “तिचा दम नाई गेला. कायसाठी नेता तिले?”

सखारामने त्यांना सगळं सांगितलं. नारळ, किसनबुवा, झाकलेलं उपरणं, काही लपवलं नाही. 

पाटलांनी चाचरत शेला काढला. वाशीमचा अनुभव ताजा होता. पण गुरुजींनी आपला वाकडा हात आपणहून पुढे केला. शेतकऱ्याच्याच घरातले ते. शेल्याखाली काय झालं ते आम्हाला दिसलं नाही. पाटील एकदम म्हणाले, “गुरुजी, हे कमी होऊन राह्यलं.” गुरुजी म्हणाले, “बाजारात एकदा बोट दाबलं की दाबलं.”

गुरुजींच्या पत्नींनी पेटीला हळदकुंकू लावलं, वर खण घातला आणि लेकीला सासरी धाडावं तसं दारापर्यंत पोचवून दिलं. “तिले ओलीत ठेवजा नोका,” एवढंच म्हणाल्या. माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसले नाहीत. किती ठरलं ते पाटलांनी जन्मात कोणाला सांगितलं नाही. पण परतताना त्यांनी कारंज्याला आम्हा सगळ्यांना पेढे खाऊ घातले आणि खणाच्या बदल्यात एक चांगलं लुगडं घेऊन कामरगावला पाठवलं, त्यावरून आम्ही काय ते समजलो.

*

गावात पेटीची मिरवणूक निघाली. आरती झाली. पाटलांच्या ओसरीवर मंडळ बसलं, सखारामने भाता हलवला, आणि पेटी गप्प. बोट लावलं तरच बोलायची, उचललं की थांबायची. पेटी अशीच असावी लागते. आम्ही पहिला अभंग उचलला आणि आमचं आम्हालाच कळेना, काय गातोय ते. एकाचा सूर मालेगावकडे निघाला, दुसऱ्याचा रिसोडकडे, आणि महादू मधेच थांबून सगळ्यांची तोंडं पाहायला लागला.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. शिवरात्र तोंडावर आलेली. रडक्या पेटीवर बरं गाणारं मंडळ चांगल्या पेटीवर बेसूर झालं होतं. सखाराम गुडघ्यात मान घालून बसला. “खोट पेटीत नव्हती,” तो म्हणाला, “माह्यातच होती. किसनबुवा खरं बोलले.”

 तेवढ्यात आतून पाटलीणबाईंचा आवाज आला. सगळ्यांचा स्वयंपाक करत त्या सकाळपासून चुलीपाशी होत्या, बाहेरची पेटी त्यांनी पाहिलेली नव्हती. “आज पेटी नाई आनली काय हो? थे भोंभों आयकू येऊन नाई राह्यली!”

सखारामने मान वर केली. ओसरीच्या कोपऱ्यात जळणाला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, आणि तुरीच्या काड्या रचल्या होत्या. तुरीची एक त्याने ओढली, कटकन मोडली, आणि नव्या पेटीची तीच काळी पट्टी दाबून तिच्या फटीत ती काडी खोचली. भाता हलवला.

भोंऽऽ.

पण ही भोंऽऽ रडकी नव्हती. गोड होती, भरदार होती, गाभाऱ्यात ओंकार घुमावा तशी. आमच्या सगळ्यांचे गळे आपोआप त्या सुरावर जाऊन बसले. बिनकुरकुरीचे.

पाटील म्हणाले, “जोडीतला बैल बदलला की दुसरा वाकडाच चालते. मी पयलेच समजलो होतो.”

*

शिवरात्रीला मेडशीवाले आधी गायले. किसनबुवा सुरेखच गायले, खोटं कशाला बोलू. मग आमची पाळी. सखारामने खण बाजूला केला, तुरीची काडी खोचली आणि भाता हलवला. भोंऽऽ झाली तसा समोर हशा पिकला. किसनबुवा म्हणाले, “पेटी बदलली, रोग तोच.”

सखाराम त्यांच्याकडे पाहून हसला. हसला म्हणजे अगदी मनापासून. तेव्हाच मला कळलं, की आज आपण जिंकलो.

आम्ही गायलो. तो एक सूर खालून वाहत होता आणि आम्ही त्याच्यावर पाय रोवून उभे होतो. पहिल्या अभंगाला हसणारे गप्प झाले. दुसऱ्याला भजी तळणाऱ्याने कढई उतरवली. शेवटच्या अभंगानंतर सगळे थांबले. भात्यात हवा उरली होती. सखारामने ती अडवली नाही, मुद्दाम वाहू दिली. सूर बारीक होत होत माळावर विरून गेला, आणि तो विरेपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही.

पंचांनी नारळ आणून सखारामच्या ओंजळीत ठेवला. पाटलांनी हात पुढे केला होता, तो त्यांनी हळूच मिशीवर नेला. परतीच्या गाडीत सखाराम नारळ मांडीवर घेऊन बसला होता आणि गाव येईपर्यंत आम्ही सगळे भोंऽऽ करत होतो.

*

आता शेवटचा. पुढच्या वर्षी मेडशीवाल्यांनी अकोल्याहून कोरी करकरीत पेटी आणली. जत्रेत लाल मखमली कापडात गुंडाळून, चौघांनी धरून ती मांडली. किसनबुवांनी कोणाकडे न पाहता कापड काढलं. आम्ही समोरच बसलो होतो. त्यांच्या नव्या पेटीची एक काळी पट्टी खाली दाबलेली होती आणि फटीत एक काडी खोचलेली होती.

सखारामच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माझ्याही.

पाटलांनी मान लांब करून ती काडी डोळे बारीक करून पाहिली. मग ते निवांत मागे टेकले, सुपारी तोंडात टाकली आणि सखारामच्या कानाशी म्हणाले,

“भिऊ नोको. पऱ्हाटीची हाये.”