लेझरला दिसलेला शेंदूर

कुरुळीतल्या माझ्या भंगाराच्या गोदामातून गाडी निघाली की सगळ्यात वरच्या तुकड्याला मारुतीचा शेंदूर लावायचा, हा माझा हातगाडी ओढत होतो तेव्हापासूनचा शिरस्ता. त्या दिवशीही अ‍ॅल्युमिनियमच्या गाडीवर, गिअरबॉक्सच्या एका तुटक्या कव्हरला, तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट लावलं आणि महाळुंग्याच्या फाउंड्रीकडे निघालो. बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून सुटली होती. ही फाउंड्रीही गेली तर गोदामाला कुलूप, हे मलाही ठाऊक होतं आणि शेजारी बसलेल्या ड्रायव्हरलाही.

पूर्वी गेटवर माल हातात घेऊन, वाजवून, भांडून पास व्हायचा. भांडणात मी कुणाला हार जायचो नाही. आता तिथला इन्स्पेक्टर लेझरची बंदूक घेऊन येतो. तुकड्यावर टेकवून घोडा दाबला की टिक होतं, ठिणगी उडते आणि त्या ठिणगीच्या उजेडावरून धातूत काय काय मिसळलंय ते पडद्यावर उमटतं. तिच्याशी घासाघीस कसली करणार?

लेझरला फक्त वरचा पापुद्रा दिसतो. म्हणून नियमाने आधी जागा ग्राइंडरने घासायची असते. त्याने घासली नाही. वरचाच तुकडा अंगठ्याने दाबून धरला. टिक.

"काका, लेड आलंय. भरपूर. गाडी परत."

"शिसं? अहो, डोळे फुटले का? निव्वळ अ‍ॅल्युमिनियम आहे!"

ओरडता ओरडता माझी नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. अंगठा केशरी झाला होता.

"साहेब, तो शेंदूर आहे. शेंदरात शिसंच असतं. पुसतो, पुन्हा मारा."

"रीडिंग सिस्टीममध्ये गेलं काका. आता माझ्या हातात नाही."

"मग तळातला कुठलाही तुकडा काढा. मी स्वतः घासून देतो. पाया पडतो तुमच्या."

मागून गेटवरचा गार्ड म्हणाला, "शेठ, पुढच्या वेळी नारळपण फोडून आणा!"

पाया पडतो, असं मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. तेही वाया गेलं, वर हसं झालं, आणि माझं डोकं सटकलं. मी बंदूक हिसकावली, कव्हरच्या स्वच्छ बाजूला टेकवली आणि घोडा दाबला. टिक. पडद्यावर शिशापुढे शून्य.

"बघा! बघा की!"

कुणी बघितलं नाही. गार्डने माझा दंड धरला होता, आणि इन्स्पेक्टर फोनवर साहेबांना सांगत होता की सप्लायरने अंगावर हात टाकला. तिथल्या तिथे माझं नाव यादीतून काढलं. इन्स्पेक्टरने ग्राइंडरचा एक हात फिरवला असता, तर यातलं काहीच झालं नसतं. हे मी आजही त्याला माफ करत नाही.

गाडी भरलेलीच बाहेर आली. चाकणच्या रस्त्याला लागायच्या आधी ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

"शेठ, कुठं घेऊ?"

मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मला एकाही गिऱ्हाइकाचं नाव सुचेना.