नातीच्या सायकलीला कुलूप

ग्रुपवरच्या समद्यांनो, फुलांचे फोटो टाकायचं जरा थांबवा आन् माझं ऐका.

आज रविवार, तरी दहावीचा जादा तास म्हणून माझी नात वैशाली सायकलवर करकंबच्या शाळेला निघाली. चढावर पाय भरले, म्हणून तिनं उसाच्या ट्रॉलीचा दोर धरला. समदी पोरं धरत्यात, तुमची बी. दोर हातातनं निसटला, पोरगी पडली. मागचा ट्रॅक्टर तिच्यापासनं वीतभर लांब थांबला.

गुडघे फोडून घरी आली, तर तिच्या बापानं, म्हंजे माझ्याच लेकानं, सायकलीला कुलूप घातलं आन् किल्ली करदोड्याला बांधली. "शाळा बास!"

दुपारी लेकीच्या पोराचा जर्मनीतनं व्हिडिओ कॉल आला. सायकल चालवतच बोलत हुता. डोंगर, उतारावर द्राक्षाच्या बागा, आन् रस्त्यावर नुसत्या सायकली. माझ्यासारख्या म्हाताऱ्या बी.

"गाड्या कुटं गेल्या रं?"

"आज्जी, आज दिवसभर गाड्यांना रस्ता बंद हाय."

"आन् लोकं ऐकत्यात?"

"ऐकत्यात की."

वैशाली माझ्या मागं उभी राहून बघत हुती.

द्राक्षं आपल्याकडं बी हायत, चढ बी हाय. मला अख्खा दिवस नको. शाळेच्या वक्ताला तासभर ट्रॅक्टर थांबवा. ट्रॅक्टर तुमचेच हायत, कुणाचा कंचा ते मला म्हाईत हाय.

लेक म्हणतोय, रस्ता मोकळा दिसला तरच किल्ली देतो. उद्या सकाळी सातला मी चढावर भर रस्त्यात बाज टाकून बसणार. बाजेवर आनखी तिघींची जागा हाय. कोण येतंय?